कुत्र्याची खाज : आधी कारण, मग औषध

सिमरोलच्या शिवारात सोयाबीन वाढू लागले की रात्रीची राखण कुत्र्याकडे येते. रानडुकरांना हुसकावणारा हा राखणदार पावसाळ्यात मात्र अंग खाजवून बेजार होतो. आमच्या मळ्यावरच्या मोत्याचे तसेच झाले. कुणी सांगितले, मोटारीचे जळके तेल फासा, आम्ही फासले. दुसऱ्या दिवशी कातडी लालबुंद झाली, तेल चाटल्याने उलट्या झाल्या आणि खाज होती तशीच राहिली. चूक आमची होती. कारण न पाहताच आम्ही औषध केले.

खाज हा रोग नव्हे, लक्षण आहे. ती अंगावर कोठे आहे यावरून कारणाचा अंदाज येतो.

पिसवा : शेपटीच्या मुळाशी व मांड्यांवर केस झडत असतील तर पहिला संशय पिसवांचा घ्यावा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचेच वावडे असते. मोजक्या चाव्यांनीही त्यांना अतोनात खाज सुटते. बारीक फणीने केस विंचरून निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा समजावी.

खरूज : कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे व मागच्या पायांचे घोटे यांवर खपल्या धरतात. ही खरूज माणसांनाही लागते. घरातील मुलांच्या अंगावर पुरळ दिसल्यास त्यांनाही डॉक्टरांना दाखवावे.

वावडे : पंजे सतत चाटणे आणि कान वारंवार दुखावणे ही धूळ किंवा परागकणांच्या वावड्याची लक्षणे असू शकतात. हे बहुधा मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहते. अन्नाचा संशय असेल तर डॉक्टर ठरवून देतील तेच अन्न सुमारे ८ आठवडे द्यावे. त्या काळात बिस्किट किंवा उष्टा तुकडाही देऊ नये.

घरी एवढे करावे :

१. जळके तेल, रॉकेल, फिनाईल अंगाला लावू नये.

२. पिसवा असल्यास घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत. मात्र कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. पर्मेथ्रिन मांजराला विषारी आहे.

३. बसायचे पोते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, फटी झाडाव्यात. पिसवांची अंडी व अळ्या अंगावर नव्हे, जमिनीवर वाढतात. म्हणून उपचार निदान ३ महिने चालू ठेवावेत.

४. गुरांचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नये. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना ते जीवघेणे ठरते.

जखमेतून पू येत असेल, कुत्रा खात नसेल किंवा आठवड्यात उतार पडला नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे. शेजारच्या महूला १९५५ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खरजेचे किडे सापडू शकतात. खाज दाबणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. त्यांनी खरूज आणखी बळावते.

मोत्याच्या अंगावर शेवटी पिसवाच निघाल्या. औषध साधेच लागले, पण पोते धुवायचे आम्हांला आधी सुचले नव्हते. जो आपले पीक राखतो, त्याची कातडी राखणे आपल्याकडे येते.