विश्लेषण : आरसी कॅटामरान वेगात का उलटते? मोटर आणि बॅटरी नेमकी कुठे बसवायची?

तळ्यात पूर्ण वेगाने निघालेली रिमोटवरची बोट अचानक नाक वर करते, हवेत कोलांटी घेते आणि पाठीवर आपटते. दोष मोटरच्या ताकदीला दिला जातो. पण बऱ्याचदा बोटीतले वजन चुकीच्या जागी बसलेले असते. त्यातून कॅटामरान एकदा पालथी झाली की पालथीही तितकीच स्थिर राहते, आपोआप सुलटी होत नाही. मग महागडी बॅटरी पाण्यात आणि मालक काठावर!

कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. त्याचा अर्थ बांधलेली लाकडे. मूळ कट्टुमरम म्हणजे ओंडक्यांचा तराफा. दोन अरुंद हल आणि मध्ये बोगदा असलेल्या बोटीला ते नाव पुढे चिकटले.

वेगात बोट कशावर टेकते?

उभी असताना दोन्ही हल पाण्यात असतात. वेग घेतल्यावर मात्र पुढचा भाग पाण्याबाहेर येतो. उरतो तो हलचा मागचा थोडासा तळ आणि अर्धा बुडालेला प्रोपेलर. त्याच वेळी मधल्या बोगद्यात शिरलेली हवा बोटीला वर उचलते. वेग दुप्पट झाला की हवेचा हा रेटा साधारण चौपट होतो. नाक जरा वर गेले की हवा आणखी शिरते आणि नाक आणखी वर जाते. वजन फार मागे असेल, तर हे थांबवायला पुढे काहीच नसते.

वजन फार पुढे असेल तर बोट उलटत नाही, पण हलचा बराच तळ पाण्याला घासत राहतो. मोटर जास्त करंट खेचते, स्पीड कंट्रोलर तापतो आणि वळणावर नाक पाण्यात घुसते.

तोल कुठे हवा?

छंदातला रूढ अंदाज असा : हलच्या मागच्या सपाट फळीपासून हलच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के अंतरावर गुरुत्वमध्य यावा. मागे बाहेर आलेले सुकाणू लांबीत मोजायचे नाही. ८० सेंटिमीटरच्या हलसाठी ही जागा मागून २४ सेंटिमीटरवर येते. हा सुरुवातीचा आकडा समजावा. प्रत्येक हलचा तळ वेगळा असल्याने तो थोडा मागेपुढे होतो.

आधी मोटर, मग बॅटरी

मोटर हवी तिथे सरकवता येत नाही. तिच्यापासून प्रोपेलरपर्यंत लवचीक शाफ्ट जातो आणि त्याला सौम्य वळण लागते. मोटर फार मागे घेतली तर वळण तीव्र होते, शाफ्ट घासतो, ताकद वाया जाते. म्हणून शाफ्ट सांगेल तिथे मोटर पक्की करायची आणि तोल बॅटरीने साधायचा.

हिशेब सोपा आहे. पूर्ण सज्ज बोट ३ किलोची, त्यात दोन बॅटऱ्या मिळून ९०० ग्रॅम. बोट २४ ऐवजी २१ सेंटिमीटरवर तोलली गेली, तर दोन्ही बॅटऱ्या १० सेंटिमीटर पुढे न्याव्या लागतील. इतकी जागा हलमध्ये आहे का, हे मोटरचे बूड चिकटवण्याआधीच पाहिलेले बरे. नंतर नाकात शिसे भरून तोल साधणारे पुष्कळ आहेत, पण ते मेलेले वजन प्रत्येक फेरीत ओढावे लागते.

बॅटऱ्या एकसारख्या, प्रत्येक हलमध्ये एक आणि मागून समान अंतरावर ठेवाव्यात. त्या सिरीजमध्ये जोडताना बॅटरी ते कंट्रोलर ही तार आखूड हवी. ती लांबली तर व्होल्टेजचे हेलकावे वाढून कंट्रोलरचे कपॅसिटर तापतात. वाढवायचीच झाली, तर मोटरकडच्या तीन तारा वाढवाव्यात.

एक मोटर की दोन?

एकच प्रोपेलर असेल, तर त्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया बोटीला उलट बाजूला कलंडवते. काठावर अचूक तोललेली बोट वेगात एका हलवर झुकते ती यामुळे. अशा वेळी वर उचलल्या जाणाऱ्या बाजूची बॅटरी किंचित बाहेर सरकवतात. दोन मोटर विरुद्ध दिशांनी फिरवल्या तर ही प्रतिक्रिया एकमेकींत जिरते. ब्रशलेस मोटरच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा उलटते. मात्र प्रोपेलरही एक उजवा आणि एक डावा लागतो.

तपासणी कशी?

बॅटरी, झाकण, टेप असे सगळे लावूनच बोट दोन बोटांवर तोलायची. मग पाण्याच्या टबात ठेवून दोन्ही हल सारखे बुडतात का ते पाहायचे. तळ्यावर पहिल्या फेऱ्या अर्ध्या वेगाने घ्यायच्या. बॅटरी एका वेळी ५ मिलिमीटरच सरकवायची, जागेवर मार्करची खूण करायची आणि पट्ट्याने घट्ट बांधायची; सैल बॅटरी पहिल्याच उसळीत सगळा हिशेब बिघडवते.

हलच्या रिकाम्या जागेत फोम भरला असेल तर उलटलेली बोट बुडत नाही. ती आणायला गळाची काठी किंवा दुसरी छोटी बोट न्यावी, गाळ आणि पाणवेली असलेल्या तळ्यात पोहत जाऊ नये. पाणी शिरलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ती घराबाहेर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.