वाट सांगणारी यंत्रे

कलाशाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या जाळ्याविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय जितका तारांचा आहे, तितकाच नावांचा, पत्त्यांचा आणि एकमेकांवर ठेवायच्या विश्वासाचा आहे. आपल्या मोखाडा तालुक्यात तर तो शिष्यवृत्तीच्या अर्जाचा आणि रेशनच्या अंगठ्याचाही आहे.

खोडाळ्याहून मुंबईला जायचे तर विहीगाववरून कसारा गाठून लोकल धरता येते, किंवा मोखाडा, जव्हार, विक्रमगड करीत मनोरला महामार्गावर उतरता येते. कोणती वाट धरायची हे आपण एस.टी.ची वेळ, रस्त्याची स्थिती आणि पाऊस पाहून ठरवतो. संगणकाच्या जाळ्यात हेच काम प्रत्येक नाक्यावर बसवलेले एक यंत्र करते. त्याला राउटर म्हणतात. आपण पाठवलेला मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून निघतो. राउटर प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचतो आणि त्याला फक्त पुढच्या नाक्याकडे लावून देतो; सबंध प्रवास तो ठरवीत नाही. वाटांची खबर हे राउटर ज्या ठरलेल्या रीतीने एकमेकांना देतात, ती रीत म्हणजे रूटिंग प्रोटोकॉल.

जुनी आणि सोपी रीत ‘रिप’ या नावाची. तिची लेखी नियमावली १९८८ साली निघाली. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला सांगतो, “अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे.” शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगतो. हे गावातल्या बातमीसारखे झाले, आणि बातमीचा दोषही त्यात आला. समजा, कसारा खोडाळ्यापासून एका टप्प्यावर आहे आणि मधली तार तुटली. मोखाड्याने पूर्वी खोडाळ्याकडूनच ऐकलेले असते, म्हणून तो म्हणतो, “कसारा माझ्यापासून दोन टप्पे.” खोडाळ्याला वाटते, याला दुसरी वाट ठाऊक दिसते! तो तीन धरतो. ते ऐकून मोखाडा चार धरतो. असे वाढत वाढत १६ झाले, की ‘वाट नाही’ असे समजायचे, हा नियम. ज्याच्याकडून ऐकले त्यालाच ते परत सांगू नये, असा उपाय नंतर जोडला गेला (माणसांनीही पाळावा असा). पण १५ टप्प्यांपलीकडचे ठिकाण या रीतीला पोचण्याजोगे वाटतच नाही. शिवाय डांबरी रस्ता आणि पाऊलवाट तिच्या लेखी सारखीच.

मोठ्या जाळ्यासाठी १९८९ साली ‘ओ.एस.पी.एफ.’ ही दुसरी रीत आली. हिच्यात ऐकीव सांगायचे नाही. प्रत्येकाने फक्त आपले शेजारी कोण आणि त्यांच्याकडे जाणारी वाट किती रुंद, एवढेच सर्वांना कळवायचे. मग प्रत्येकाजवळ सारखाच नकाशा तयार होतो, आणि एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जो तो स्वतः जवळची वाट काढतो. तार तुटली तर ती बातमी लगेच सर्वत्र जाते. मात्र हजारो नाके झाले, तर प्रत्येकाला सगळ्या जगाचा नकाशा कसा पेलावा? म्हणून जाळ्याचे विभाग पाडतात. विभागातला तपशील विभागातच ठेवतात आणि बाहेर केवळ गोषवारा सांगतात.

या गोषवाऱ्याचा आपल्याकडचा उत्तम नमुना म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी संस्कृतचे कवी व नाटककार होते. कलाशाखेने हे विसरू नये! मोखाड्याचा क्रमांक ४०१६०४. कोलकात्याच्या टपाल कर्मचाऱ्याला मोखाडा कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. पहिला ४ पाहिला की त्याची थैली ठरली. ४०१ कळला की आपला परिसर आला, आणि जव्हारचा ६०३ की मोखाड्याचा ६०४, हे येथल्यांनी पाहायचे. पत्ते असे उतरंडीने लावले, तरच जाळे वाढते.

निरनिराळ्या कंपन्यांची आणि देशांची जाळी जोडणारी रीत आणखी वेगळी. तिला ‘बी.जी.पी.’ म्हणतात. १९८९ साली दोन अभियंत्यांनी तिचा पहिला आराखडा कागदी रुमालांवर मांडला होता. येथे जवळची वाट हा मुख्य विचार नसतो. कुणाशी करार आहे, कुणावर भरवसा आहे, हे पाहतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तेथल्या दूरसंचार कंपनीने ‘यूट्यूबची वाट माझ्याकडून’ अशी खोटी पाटी लावली. ती देशाबाहेर गेली. ती मूळ पत्त्याहून अधिक नेमकी होती, आणि नेमक्या पत्त्याला मान देण्याचा नियम असल्याने जगाच्या मोठ्या भागाची पुडकी तिकडे वळली. सुमारे दोन तास हा घोळ चालला. असो.

आता आपल्या घरचे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यातली तार तालुक्यापासून गावाकडे बव्हंशी एकेरी गेली. रस्त्याच्या कामात जेसीबीचा एक दात लागला, की पलीकडची सारी गावे मुकी. मी स्वतः एका दाखल्यासाठी एका कार्यालयाच्या पायरीवर दुपारभर बसलो आहे. आतले गृहस्थ शांतपणे म्हणत, “लाइन आली की या.” त्यांचा काय दोष? जेथे वाटच एक, तेथे रिप काय आणि ओ.एस.पी.एफ. काय, सारखेच, निवडायला काही नसते. अशा गावी राउटरला हाताने एकच वाट लिहून द्यावी, ते पुरते.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झाले. त्यात तालुका आणि ग्रामपंचायती कड्यासारख्या जोडायच्या व तेथे राउटर बसवायचे असे ठरले. कडे एका ठिकाणी तुटले, तरी पुडकी उलट बाजूने फिरून येतात. पण जाणारी आणि येणारी तार एकाच चरातून, एकाच मोरीखालून नेली, तर कागदावर कडे आणि जमिनीत दोरी. खोडाळ्यापुरते म्हणायचे, तर एक बाजू मोखाड्याकडून यावी आणि दुसरी विहीगावच्या रस्त्याने. विहीगाव मात्र शहापूर तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, आणि ही कडी आखली जातात तालुक्याला धरून. तारेने हद्द ओलांडायची, तर दोन तालुक्यांच्या आराखड्यांत एकच रस्ता दिसला पाहिजे.