'फ्लाइट सिम्युलेटर' : फ्लॉपी ते सर्व्हर, चार दशकांचे उड्डाण

शिकागो शहरालगत, मिशिगन सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा एक छोटा विमानतळ होता. शिकागोला कधीही पाऊल न ठेवलेल्या जगभरातील असंख्य लोकांना त्याची धावपट्टी अंगणासारखी परिचयाची होती. कारण मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर' या संगणकीय खेळाच्या अनेक आवृत्त्यांमध्ये सुरुवातीला विमान उभे असे ते याच धावपट्टीवर. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून बुलडोझरनी ती उखडली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या आवृत्तीत मात्र मेग्ज फील्ड शाबूत होते. ती डिस्क ज्याने जपून ठेवली, तो आजही तेथून उड्डाण करू शकतो.

या मालिकेचे मूळ एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये विमानातून दिसणारे त्रिमितीय दृश्य संगणकाच्या पडद्यावर उमटवण्याचा अभ्यास मांडला. पुढे 'सबलॉजिक' या कंपनीमार्फत त्यांनी १९८० च्या सुमारास 'ॲपल टू' या घरगुती संगणकासाठी हा खेळ आणला. जमीन, डोंगर, धावपट्टी हे सारे केवळ रेषांनी दाखवलेले असे.

मायक्रोसॉफ्टने त्याचे हक्क घेऊन नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएमच्या 'पीसी'साठी पहिली आवृत्ती काढली. एका फ्लॉपीत मावणाऱ्या या जगात अमेरिकेतील मोजकेच प्रदेश होते. हा खेळ संगणकाच्या यंत्रणेचा कस पाहणारा होता. त्यामुळे इतर कंपन्यांनी बनवलेला संगणक आयबीएमशी खरोखरच सुसंगत आहे का, हे तपासण्यासाठी 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या प्रणालीबरोबर 'फ्लाइट सिम्युलेटर'ही चालवून पाहिला जाई.

त्यानंतर १९८४, १९८८ आणि १९८९ मध्ये दुसरी, तिसरी व चौथी आवृत्ती आली. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीने सपाट रंगांच्या जागी जमिनीचा खराखुरा पोत दाखवला. पुढे क्रमांकाऐवजी सालाचे नाव देण्याची प्रथा पडली आणि नाव बहुधा सालाच्या एक पाऊल पुढेच राहिले : '९८' आली १९९७ मध्ये, '२०००' आली १९९९ मध्ये. '२००२'ने हवाई वाहतूक नियंत्रकाशी संवादाची सोय दिली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने याच आवृत्तीतून न्यूयॉर्कचे जुळे मनोरे काढून टाकले होते. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये '२००४' आली. २००६ ची दहावी आवृत्ती, 'एक्स', सुमारे २४ हजार विमानतळ घेऊन आली. मेग्ज फील्ड मात्र त्यात नव्हते.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ बनवणारा विभागच बंद केला. २०१२ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' या नावाने आलेला सुटसुटीत खेळ सुरुवातीला हवाई बेटांपुरता मर्यादित होता. बाहेरच्या मंडळींना त्यात स्वतःची विमाने वा प्रदेश जोडण्यास वाव नव्हता. काही महिन्यांतच त्याचेही काम थांबले. तरीही मालिका संपली नाही, कारण हौशी मंडळी आणि छोट्या कंपन्या 'एक्स'साठी नवी विमाने, नवे विमानतळ तयार करीत राहिल्या. खेळाच्या फाइल वापरणाऱ्याच्या संगणकात होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्सच्या 'असोबो' स्टुडिओने बनवलेली नवी आवृत्ती आली आणि जगाची मांडणीच बदलली. 'बिंग' नकाशांची उपग्रह व हवाई छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उभारलेल्या इमारती यांतून अवघी पृथ्वी साकारली. मरीन ड्राइव्हचे वळणही वरून ओळखता येऊ लागले. हा साठा दोन पेटाबाइटहून अधिक, म्हणजे घरातल्या संगणकात मावणे अशक्यच. त्यामुळे विमान जिथे जाईल तिथला भूभाग इंटरनेटवरून येत राहतो. चुकाही याच वाटेने येतात. मेलबर्नच्या एका उपनगरात अचानक २१२ मजली मनोरा दिसला, तो खुल्या नकाशात कोणी '२' ऐवजी '२१२' मजले नोंदवल्यामुळे!

नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीने सर्व्हरवरचे अवलंबित्व आणखी वाढवले. पहिल्याच दिवशी गर्दीने सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले अनेक जण धावपट्टीपर्यंतही पोहोचू शकले नाहीत.

चित्र जितके खरे झाले, तितकी मालकी सैल होत गेली, हे या प्रवासाचे सार आहे. जुन्या आवृत्तीतील जग तोकडे होते, पण ते विकत घेणाऱ्याच्या कपाटात राहत होते. २००९ मध्ये कंपनीने पाठ फिरवूनही विमाने उडत राहिली ती त्यामुळेच. नव्या आवृत्तीतील जग अफाट आहे, पण कंपनी सर्व्हर चालू ठेवील तोवरच ते तसे राहील. मेग्ज फील्ड बुलडोझरनंतरही डिस्कवर टिकून राहिले. सर्व्हर बंद झाल्यावर या नव्या पृथ्वीचे काय उरेल, याचा विचार आजच्या वैमानिकांनी करून ठेवलेला बरा.