सतरंजीवरची मंडळी

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कॉटेज मीटिंगची, म्हणजे घरात भरणाऱ्या प्रार्थनासभेची, वेळ ठरवायची तर आधी शेतपंपाच्या लाइटचं वेळापत्रक बघावं लागतं. या आठवड्यात लाइट रात्रीची असेल, तर निम्मे पुरुष उसाला पाणी धरायला गेलेले असतात. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या पाळ्या आडव्या येतात, एमआयडीसीतल्या पोरांच्या तर बाराही महिने. म्हणून आमची वेळ हंगामाप्रमाणे सरकते. सध्या शुक्रवारी संध्याकाळी सात. घरं पाळीपाळीनं.

ज्याच्या घरी बैठक असेल तो सतरंजी अंथरतो, आणि मला हटकून खुर्ची देतो. मी ती घेत नाही. पुरुष भिंतीला टेकून बसतात, बायका स्वयंपाकघराच्या दाराशी दाटीनं बसतात. मी त्या दाराशी बसते. चालवणारी जिथं बसते तिकडं सगळ्यांची तोंडं वळतात, आणि मागं बसणाऱ्या बायका आपोआप पुढं येतात.

आधी ढोलकी आणि टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी त्यांची गीतं म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय येतात. ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यांनाच मी पहिलं गीत धरायला सांगते. एकदा आवाज लागला की पुढं बोलायला संकोच राहत नाही.

मग वचन. एकेकानं एकेक ओवी वाचायची. कुणाकडं जुनं पवित्र शास्त्र, कुणाकडं मोबाइलमधलं, त्यामुळं शब्द जुळत नाहीत, आणि त्या फरकावरूनच पुष्कळदा बोलणं सुरू होतं. शेजारच्याच दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. त्या 1922 साली गेल्या, बायबल 1924 साली छापून आलं. ते श्रम कशासाठी होते, हे अशा बैठकीत दिसतं.

नुकताच मत्तयाचा विसावा अध्याय घेतला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊ वाजता, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायच्या तासभर आधीही. संध्याकाळी मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच, एक दिनार, म्हणजे एका दिवसाचा रोज. या भागात द्राक्षबागा आहेत, छाटणीच्या टोळ्या आहेत. दृष्टान्त समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी एवढंच विचारलं, “तुम्ही यातले कुणाच्या जागी उभे आहात?”

टोळीवर जाणारा एक जण तापलाच. सकाळपासून उन्हात राबणाऱ्यावर हा अन्याय आहे, असा धनी आपल्याकडं एक हंगाम टिकायचा नाही, लोक पाच वाजताच कामाला येतील. त्याच्या बायकोचा मुद्दा वेगळा: पुरुषाएवढंच काम करून बाईला रोज कमी मिळतो, त्याला तू कधी अन्याय म्हणालास का? हशा झाला, पण ती हसली नाही. मग शांतता पसरली.

या शांततेत हात न घालणं हे सगळ्यात अवघड काम आहे. टीकाग्रंथ मी घरून वाचून गेलेली असते, उत्तर जिभेवर असतं. पण चालवणारीनं उत्तर दिलं की बाकीचे वही मिटतात. मी थांबले. एक म्हाताऱ्या बाई खाली बघत बोलल्या, “पाचपर्यंत कोण उभं राहतं? ज्याला कुणी नेत नाही ते. आता मला कुठं कोण नेतं कामाला? पण भूक तेवढीच लागते.” त्यावर मी एक शब्दही जोडला नाही. प्रवचनातून इतकं मिळालेलं मला क्वचित आठवतं.

जास्त बोलणारा प्रत्येक गटात असतो. त्याला गप्प करायचं नसतं, त्याला काम द्यायचं. आमच्याकडचे एक काका आता सर्वांच्या प्रार्थनाविनंत्या वहीत उतरवतात. लिहायचं म्हणजे ऐकावं लागतं.

या विनंत्यांतच खरी जोखीम असते. शुगर, सोसायटीचं कर्ज, मुलीचं न जमणारं लग्न, नवऱ्याची दारू. इथं बोललेलं व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, यावर मी कडक आहे. “प्रार्थना करा” म्हणून पाठवलेला एक निरोप संध्याकाळपर्यंत गावभर होतो, आणि ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना झाल्यावर मी गोळ्या चालू आहेत ना, हेही सगळ्यांसमोर विचारते.

असे गट आपल्याकडं उपरे नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टचे मिशनरी बारामतीत आले, पुढं दौंड-श्रीगोंद्यातही त्यांचं काम पसरलं. त्यांच्या परंपरेत प्रभुभोजन दर रविवारी, आणि ते चालवायला दीक्षित पाळकच हवा अशी अट नाही. मंडळीतले वडीलजन चालवतात. त्याही आधी, पहिल्या शतकात, प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरात मंडळी जमत होती.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती ब्रिस्टलची हकिकत. 1742 साली जॉन वेस्लीच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. बारा-बारा जणांचे गट पाडले, आठवड्याला माणशी एक पेनी, आणि एकानं घरोघर जाऊन ती जमा करायची. जाणाऱ्याला घरातली भांडणं, आजारपणं, व्यसनं दिसू लागली. वसुलीतून विचारपूस सुरू झाली, आणि मेथडिस्टांचे वर्गगट त्यातून उभे राहिले. माझंही खरं काम शुक्रवारी नसतं. सलग दोनदा न आलेल्याच्या घरी मधल्या वारी जायचं, चहा घ्यायचा, का आला नाहीस हे विचारायचं नाही. कारण बहुधा चहा संपायच्या आत निघतं. लाज असते ती हप्त्याची, मुलाची, कधी अंगावरच्या जुन्या साडीची.

आता घरं अपुरी पडू लागली आहेत. एवढ्या माणसांत लाजाळू माणूस लपून राहतो, म्हणून गट फोडायचा आहे. काहींना ते आवडलेलं नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, मला कळतं. इंदापूरच्या बाजूची घरं नर्सिंग शिकणारी एक मुलगी सांभाळणार आहे. पाळकसाहेबांनी तिला हाताशी धरून तयार करावं असं मी त्यांच्या मागं लागले आहे, कारण एकेका पाळकाकडं कितीतरी गावं असतात आणि शिकवणं मात्र रविवारच्या उपदेशापुरतं उरतं. येत्या शुक्रवारी बैठक ती घेईल, लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट. प्रश्न तिनं स्वतः काढलाय: थोरला भाऊ शेवटी घरात गेला का?