एक बदल केला. एकच झाला का?

जुहूतील असो वा गडचिरोलीतील, आपल्याकडील बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर बीसीजी लशीचा लहानसा व्रण आढळतो. ही लस म्हणजे क्षयजंतूच्या कुळातील, परंतु सौम्य झालेला जिवंत जिवाणू होय. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ या काळात गुरांच्या क्षयाचा जंतू ग्लिसरीन, पित्त व बटाटा यांच्या पोषकावर २३० वेळा पुनःपुन्हा वाढवला आणि त्याची मारकता नाहीशी झाली. ती कशामुळे गेली, हे मात्र त्या काळी कळणे शक्य नव्हते. जंतूच्या जनुकसंचातील 'आरडी १' हा तुकडा गळून पडल्याचे १९९६ मध्ये उघड झाले. मारकता जाण्याचे ते प्रमुख कारण असल्याचे पुढील प्रयोगांनी दाखवले. निरनिराळ्या देशांत वाढवलेल्या बीसीजीच्या वाणांत आणखीही वेगवेगळे बदल साचले होते.

आज असे बदल हेतुपुरस्सर करता येतात. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीतील युरिएजचे एक जनुक निकामी करून तेथे लिस्टेरिया या जिवाणूचे जनुक बसवण्यात आले. या 'व्हीपीएम १००२' लशीचे काम पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतले.

अशा प्रत्येक जिवाणूविषयी एक प्रश्न विचारावाच लागतो : ठरवलेल्या बदलाखेरीज आणखी काही घडले नाही ना? पेशी विभागताना जनुकसंचाची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. निवडलेल्या एका पेशीत अशी चूक असल्यास ती तिच्या साऱ्या वंशात उतरते.

पीसीआर चाचणी केवळ ठरावीक जागा तपासते. म्हणून बीसीजीची ४३ लाखांहून अधिक अक्षरे संपूर्ण वाचून, ज्या मूळ वाणात बदल केला त्याच्याशीच ती ताडून पाहावी लागतात; केवळ छापील नोंदीशी तुलना पुरेशी नसते. पुनरावृत्त भाग आखूड तुकड्यांच्या वाचनात निसटतात, म्हणून तेथे लांब तुकडे वाचावे लागतात. आणखी एक कसोटी म्हणजे काढलेले जनुक परत बसवणे. हरवलेला गुण परतला, तर कारण तेच जनुक. न परतल्यास दोष अन्यत्र शोधावा लागतो. तपासलेला वाण गोठवून बीज म्हणून जपतात व त्याच्या पुढील पिढ्यांवर मर्यादा घालतात.

औषध रुग्णाला दिले जाते, लस मात्र निरोगी तान्ह्या बाळाला टोचली जाते. म्हणूनच ही पडताळणी लसनिर्मितीचा अविभाज्य भाग ठरते.