आकड्याचं गाव

पहाटे ५.३०
मे महिन्यात मारेगावात बसून काम करायच्या दोनच वेळा: उजाडताना, नाहीतर ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात कूलरसमोरून उठवत नाही. शाळेला सुट्टी आहे. एरवी मी भूगोल शिकवते आणि फावल्या वेळात प्रवासाच्या विकीवर गावांची पानं लिहिते. आज पानं बाजूला ठेवून हवामानाचा साचा बांधायचा आहे. सध्या ज्याने त्याने आपापल्या मनाने तक्ता काढलाय. कुठे महिने आडवे, कुठे उभे. कुठे पाऊस इंचात, कुठे मिलिमीटरमध्ये. साचा एकदा जमला, की लिहिणाऱ्याने फक्त आकडे भरायचे; चौकट, बेरीज आणि रंग साचा सांभाळेल.

६.३०
धूळपाटी उघडते. विकीवर कच्चं काम करायच्या जागेला हेच नाव आहे. पहिला प्रश्न, तक्त्यात काय ठेवायचं? वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, दमटपणा, सगळंच मोहात पाडतं. पण टिपेश्वरला वाघ बघायला निघालेल्या माणसाला कपडे कोणते घ्यायचे आणि रस्ता चिखलाचा असेल का, एवढंच हवं असतं. म्हणून चारच गोष्टी ठेवल्या: सरासरी कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस आणि पावसाचे दिवस. शेवटची गोष्ट बरेच जण गाळतात. महिन्याचा ३०० मिलिमीटर पाऊस चार दिवसांत कोसळला तर सहल होते. वीस दिवस रिपरिपला तर होत नाही.

८.३०
चहा. याच वेळी देशभरातले पर्जन्यमापक वाचले जातात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पावसाचा एक दिवस. त्यात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला, तरच तो हवामान खात्याच्या हिशेबात ‘पावसाचा दिवस’. ही व्याख्या तक्त्याखाली बारीक अक्षरात आपोआप यावी, अशी सोय करते.

१०.००
बेरीज अडली. आकडे देवनागरीत भरले, की विकीचं गणिताचं सूत्र त्यांना ओळखतच नाही. बेरजेच्या जागी लाल अक्षरात चूक दाखवतं. उपाय असा, की आकडे आधी आंतरराष्ट्रीय अंकांत उतरवायचे, हिशेब करायचा आणि छापताना पुन्हा देवनागरीत आणायचे. ४३ अंश सेल्सियस म्हणजे १०९.४ फॅरनहाइट, हे बरोबर उमटल्यावर हायसं वाटलं. परदेशातून सुट्टीला येणाऱ्या नातवंडांना तोच आकडा कळतो.

त्याहून नाजूक गोष्ट कोऱ्या रकान्याची. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. कोरं म्हणजे माहीत नाही. साचा दोन्हींना सारखंच वागवत होता. अकरा महिन्यांची बेरीज खुशाल ‘वार्षिक’ म्हणून छापत होता. आता एक जरी महिना कोरा असला, तरी बेरीज येत नाही.

दुपारी १.००
वीज गेली. भाकर, कांदा, पन्हं. सासूबाई विचारतात, “काहून वं, सकाळपासून काय लिहून रायली?”
“हवामानाचा तक्ता, आई.”
“कोन्या गावचा?”
“कोणत्याही गावाला चालेल असा.”
“असा कसा कोन्याही गावचा? आपल्या वावरात पानी येते त सडकेपल्याड कोरडं राह्यते.”

हसू आलं, पण बोलणं खरं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा निकष इथल्या कास्तकाराला पाठ असतो. तो मोजला जातो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात. पऱ्हाटी आपल्या वावरात वाहून जावी आणि मापक दुसऱ्या गावी कमी पाऊस दाखवत उभा असावा, हे दुःख इथे नवं नाही.

४.००
वीज आली, आणि सकाळपासून टाळलेला प्रश्नही समोर आला. मारेगावच्या पानावर आकडे कुठले? हवामान खात्याच्या जुन्या वेधशाळा यवतमाळला आणि चंद्रपूरला. यवतमाळ पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर. चंद्रपूर २०० मीटरच्या आत. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशेबाने नुसत्या उंचीमुळे दोन्हींत दीड अंशाचा फरक पडतो. मारेगाव मधेच, वर्धेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या भागात. दोन्हींची सरासरी काढली तर आकडा देखणा दिसेल, पण तो कुठल्याच गावाचा नसेल.

काळाचंही तसंच. तीस वर्षांच्या सरासरीला ‘सामान्य’ मानायचं, हे १९३५ मध्ये वॉर्सा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. तेव्हा १९०१ ते १९३० हा काळ धरला होता. आज १९९१ ते २०२० चालतो. पण आपलं खातं मॉन्सूनची सरासरी १९७१ ते २०२० अशा पन्नास वर्षांवरून धरतं. म्हणून तापमानाची वर्षं वेगळी आणि पावसाची वेगळी लिहायची सोय केली.

साच्यात सक्तीचे रकाने आता हे: केंद्राचं नाव, त्याची उंची, दोन्ही काळ. यातला एक जरी राहिला, तरी तक्ता उमटतच नाही.

संध्याकाळी ६.३०
मोबाइलवर पाहिलं. महिने आडवे ठेवल्याने तक्ता जूनलाच पडद्याबाहेर गेला, पावसाळा दिसेचना. महिने उभे केले. बारा ओळी, चार रकाने. रंग फिके केले, म्हणजे उन्हात अक्षर वाचता येईल.

८.३०
‘उच्चांक’ असा रकाना घालायचा मोह झाला. पण ३० मे २०२४ आठवला. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर पोचली. नंतर हवामान खात्यानेच ते उपकरण बिघडल्याचं सांगितलं. उच्चांकाला तारीख आणि आधार दिल्याशिवाय साचा तो घेत नाही, अशी अट घातली.

१०.००
साचा जतन केला. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या पानांवर तक्ते लागतील. मारेगावच्या पानावर मात्र एकच ओळ लिहिली: ‘इथे दीर्घकाळची वेधशाळा नाही, जवळची केंद्रं यवतमाळ आणि चंद्रपूर, त्यांचे तक्ते त्यांच्या पानांवर पाहावेत.’