भर उन्हाळ्यात धाब्याच्या घरात शिरताच बरं का वाटतं?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी जुन्या धाब्याच्या घरात पाय ठेवला, की पंखा लावायच्या आधीच जीव थंडावतो. डोळे निवतात, रस्त्यावरचा गोंगाट कमी होतो, सारवलेली जमीन पायाला गार लागते. वास्तुरचनाकार याला त्या जागेचं 'वातावरण' म्हणतात.

२००९ साली प्रित्झकर पुरस्कार मिळालेले स्विस वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांनी यावर पुस्तकच लिहिलंय. त्यांच्या मते, जागा कशी आहे हे आपल्याला विचार करण्याआधी, क्षणार्धात जाणवतं. पण ते जाणवणं योगायोग नसतो. बांधकामाचं साहित्य, उजेड, आवाज आणि तापमान यांतून ते घडवता येतं.

धाब्यात हे कसं घडतं?

भिंती जाडजूड मातीच्या. छताला लाकडी तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्या आणि वर मातीचा जाड थर. जाड माती हळूहळू तापते, त्यामुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. लहान खिडक्या आणि छतातला झरोका मोजकाच उजेड आत घेतात. मातीच्या भिंतींमुळे आवाजही फारसा घुमत नाही.

मग लोक स्लॅब का टाकतात?

कारण धाबं पावसात गळतं, त्यावर पुन्हा पुन्हा माती टाकावी लागते, लाकडाला वाळवी लागते. हा त्रास खराच आहे. पण चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. ज्यांना कूलर परवडत नाही, त्यांची झोपच उडते.

यावर उपाय काय?

पुन्हा धाबंच बांधा, असं नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या उन्हात 'संगाथ' हे आपलं कार्यालय उभारलं. त्याचा काही भाग जमिनीखाली आहे आणि कमानदार छतावर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवलेत. ते ऊन परतवतात. खान्देशातही स्लॅबवर पांढरा थर, पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि पुढे ओटा-पडवी, एवढ्यानंही फरक पडतो.

नकाशा बघताना आपण खोल्या किती, ते विचारतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता या खोलीत कसं वाटेल, हेही विचारायला हवं.